दोन नंबरची खिडकी आणि पाचवा 'का'

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची जी खिडकी असते, तिच्या आत बसणाऱ्या बाईला लोक मनातल्या मनात काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडावर मात्र सगळे 'खिडकीबाई' म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांचं खरं नाव मागे पडलं होतं. घरी नवरासुद्धा कधी चिडला की म्हणायचा, "आता खिडकी उघडा आणि जरा ऐकून घ्या माझं!"

बाई वाईट नव्हत्या हो. वेळेच्या पक्क्या होत्या, हिशोबाच्या, अक्षराच्या पक्क्या होत्या. फक्त तोंडाच्या फटकळ. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर कायमच्या तीन आठ्या, आणि एक वाजला की खिडकीची फळी धाडकन खाली. समोर कुणी का असेना, हात मोडलेला असो की ताप चढलेला, बाईंचं वाक्य ठरलेलं: "एक वाजला. उद्या या." हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल ते मोजायला बसलं तर मोजणाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तिथे पुन्हा याच बाई बसलेल्या.

खिडक्या खरं तर दोन होत्या. एका लांब खोलीच्या दोन टोकांना दोन, मधल्या भिंतीवर उंचावर एक पंखा, आणि पंख्याच्या बरोबर समोर लोखंडी कपाट. दोन नंबरची खिडकी अकरा वर्षं बंद. तिच्यामागे मोडक्या खुर्च्यांचा ढीग. पंखा चालू होता, पण तो एक नंबरकडेही वारा देत नव्हता आणि दोन नंबरकडेही. मान मधेच अडकून तो रोज सकाळी आठ ते एक इमानेइतबारे कपाटाला वारा घालायचा. बाई पलीकडे घामाने निथळत असायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बिघडलाय." बस, त्यापुढे शब्द नाही.

तर अशा या बाईंना अठ्ठावन्न पूर्ण व्हायला वर्ष उरलं आणि कचेरीत एक पत्रक आलं. ज्यांच्याकडे कॉलेजचं किमान एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र असेल, त्यांनाच दोन वर्षांची मुदतवाढ. नाही त्यांनी हार घ्यावा, नारळ घ्यावा आणि घरी जावं.

घरी जावं म्हणे! घरी काय होतं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. नवरा बसच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याने घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडली होती. घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, दाराची घंटा उघडली. ती आता वाजत नाही, गुरगुरते. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर असायचा. अशा माणसासमोर चोवीस तास बसायचं या विचाराने बाईंना कापरं भरलं. शिवाय, खोटं कशाला बोला, त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता. त्या खुर्चीबाहेर आपण कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. काही झालं तरी प्रमाणपत्र मिळवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

रजा टाकून त्या कॉलेजात गेल्या. संगणकाच्या अभ्यासक्रमाला ही भली मोठी रांग. बाई दोन तास उभ्या. पाय भरून आले, पिशवी या हातातून त्या हातात झाली. पुढे दोनच माणसं राहिली आणि आतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "एक वाजला. उद्या या." आणि फळी खाली.

बाईंनी भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार काय? वाक्यही आपलंच, फळीही आपलीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण उद्या येणाऱ्यातल्या त्या नव्हेत. शेजारी एक टेबल होतं, त्यावर अर्ज होते, समोर एकही माणूस नव्हतं. बाईंनी तिथला अर्ज उचलला, भरला, पावती घेतली आणि बसमध्ये बसल्यावर वाचलं. 'समाजबदलासाठी कला व नाट्य. कालावधी एक वर्ष. वर्ग संध्याकाळी.'

"म्हणजे काय करणार तुम्ही?" नवऱ्याने विचारलं.

"एक वर्षाचं आहे ना? झालं तर मग," बाई म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी चपला बाहेर काढून जमिनीवर गोल बसवलं. शिकवणाऱ्या मॅडम बाईंच्या मुलीच्या वयाच्या. आखूड केस, मोठा आवाज आणि त्याहून मोठा उत्साह. आधी सगळ्यांना डोळे मिटून चालायला लावलं, मग झाड व्हायला लावलं. बाई झाड झाल्या, पण टेबलावरच्या तारखेच्या शिक्क्यासारख्या ताठ उभ्या. मग मॅडम म्हणाल्या, "आता शब्द न वापरता राग दाखवा." कुणी मुठी आवळल्या, कुणी पाय आपटले. बाईंनी फक्त चष्म्यावरून बघितलं. समोरच्या दोन मुलींनी घाबरून पिशवीतून ओळखपत्रं काढली.

"बाई," मॅडम भारावून म्हणाल्या, "तुमच्यात केवढी ताकद आहे!"

बाईंना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्या बसमध्ये उगीचच ताठ बसल्या.

मॅडमचं सांगणं थोडक्यात असं होतं: लोक नाटक बघतात, टाळ्या वाजवतात, रुमाल डोळ्यांना लावतात आणि घरी जाऊन जसेच्या तसे राहतात. अशा नाटकाचा काही उपयोग नाही. जिथे अडचण आहे तिथेच, ज्यांना अडचण आहे त्यांनाच घेऊन नाटक करायचं. आणि बघणाऱ्याला हक्क द्यायचा. कुणालाही वाटलं की हे चुकतंय, तर त्याने 'थांबा!' म्हणून ओरडायचं. नाटक जागच्या जागी थांबतं. मग ओरडणाऱ्याने पुढे यायचं, प्रश्न विचारायचा किंवा स्वतः करून दाखवायचं. नुसतं ओरडून खाली बसायला परवानगी नाही.

परीक्षाही तशीच. प्रत्येकाने आपल्या जागी पंधरा मिनिटांचं नाटक करायचं आणि त्यातून काहीतरी बदलायला हवं. "बदल हाताला लागला पाहिजे," मॅडमनी बजावलं. "मी स्वतः येऊन हात लावून बघणार. मागच्या वर्षी एकाने गल्लीतल्या बंद दिव्यावर नाटक केलं. बघून तीन बायका हुंदके देऊन रडल्या. दिवा बंदच राहिला. मी नापास केलं. रडणं हाताला लागत नाही."

नापास! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नापास म्हणजे प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणजे खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही म्हणजे घर, नवरा आणि स्क्रूड्रायव्हर.

त्यांनी विषय घेतला 'दवाखान्यातली रांग'. रोग्यांच्या कळवळ्याने घेतला असं कुणी समजू नये. दवाखाना रोजचाच, वेगळी बस बदलावी लागत नाही, एवढाच विचार.

विषय घेतला की मुळाशी जायचं, त्यासाठी मॅडमची एक रीत होती. अडचण लिहायची आणि तिला पाच वेळा 'का' विचारायचा. पाचव्या 'का'ला मूळ सापडतं म्हणे. बाई संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो टोस्टर ठेवा खाली आणि मला का, का असं विचारा."

"एवढी वर्षं विचारायची हिंमत नव्हती, आज परवानगी मिळाली," म्हणून तो सरसावून बसला. "रांग लांब का?"

"खिडकी एकच आहे म्हणून."

"एकच का?"

"दुसरी बंद आहे म्हणून."

"बंद का?"

"बसायला माणूस नाही म्हणून."

"माणूस का नाही?"

"होता तो तळघरात गेला म्हणून."

"तळघरात का गेला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दूध उतू जातंय वाटतं," म्हणाल्या आणि उठल्या.

"दूध सकाळीच तापवलंय," नवरा म्हणाला. पण तो सदतीस वर्षांचा नवरा होता. त्याने पुन्हा टोस्टर हातात घेतला.

काय झालं होतं ते आता सांगूनच टाकतो, कारण बाई काही सांगायच्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी दोन नंबरच्या खिडकीत एक गृहस्थ बसायचे. मवाळ बोलायचे, रोग्यांना 'या, बसा' म्हणायचे. बाईंना त्यांचा तेवढ्यानेच राग यायचा. त्यात पंखा एक आणि माणसं दोन. बाई स्टुलावर चढून पंख्याची मान आपल्याकडे वळवून, ती फिरू नये म्हणून वरचं बटण ओढून ठेवायच्या. त्या चहाला गेल्या की ते गृहस्थ चढायचे आणि आपल्याकडे वळवायचे. दोन सुशिक्षित माणसं, दिवसातून दहा वेळा स्टुलावर. पंखा फिरता ठेवला असता तर दोघांना वारा मिळाला असता, पण मग दुसऱ्यालाही मिळाला असता ना! एके दिवशी बाई चढल्या तर मान मधोमध कपाटाकडे आणि बटणच गायब. बाईंनी त्याच दिवशी तक्रार लिहिली, सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत: 'दोन नंबरचे कर्मचारी सरकारी मालमत्तेची नासधूस करतात व असभ्य भाषा वापरतात.' गृहस्थांची बदली तळघरात झाली, दवाखान्याच्या चादरी आणि उशांच्या गोदामावर. लोक त्यांना चादरकाका म्हणू लागले. त्यानंतर दोन नंबरवर नवीन माणूस द्यायची गोष्ट तीनदा निघाली आणि तिन्ही वेळा बाईंनी लिहून दिलं, 'एक खिडकी पुरेशी आहे.' एकाच जिन्याच्या वर आणि खाली बसून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. रांग मात्र दरवर्षी लांबत लांबत दाराबाहेर आणि दाराबाहेरून सायकलींच्या छपरापर्यंत गेली.

बाईंनी वहीत चार 'का' लिहून दिले. मॅडमनी तपासून खाली लाल पेनने लिहिलं: 'पाचवा का रिकामा आहे. शोधा.' काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाईंनी ते पान दुमडून टाकलं.

नाटकासाठी माणसं जमली दोन. दवाखाना झाडणारी ताई आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. मॅडमचा आणखी एक नियम होता, की रोज जे असतो ते नाटकात व्हायचं नाही. म्हणून खिडकीबाईचं काम ताईला आणि बाईंनी व्हायचं रोगी. ड्रायव्हरने मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून खिडकी केली. ताईने बाईंचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर लावला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "कागद सरळ धरा! मला काय मान वाकडी करायला पगार मिळतो?"

ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. बाई लाल झाल्या. "मी अशी बोलते?"

"नाही हो," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "तुमचा आवाज याच्या दुप्पट असतो."

दुसऱ्या दिवशी सरावाला पुठ्ठा ओला झाला होता, म्हणून तिघं खऱ्या खिडकीवरच गेले. दवाखाना बंद झालेला होता. ताई आत, बाई बाहेर. सत्तावीस वर्षांत बाई त्या बाजूला कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. तेव्हा त्यांना कळलं, की खिडकी बाहेरून किती खाली आहे. आत बसणाऱ्याच्या सोयीने केलेली ती. बोलायचं तर कमरेत वाकायला लागतं, आणि वाकलं की तोंड त्या भोकाशी येतं, अगदी गुन्हेगारासारखं. आतून त्यांना फक्त तोंडं दिसायची. ती वाकलेली असतात हे कुठे दिसत होतं! पाच मिनिटांत कंबर धरली. बाई ओशाळल्या. इतक्या ओशाळल्या की ताई "उद्या या" म्हणाली तर त्यांनी "बरं" म्हटलं आणि खरंच चालू लागल्या.

पडद्याला चादर हवी होती. चादर म्हणजे तळघर. बाईंनी ड्रायव्हरला पाठवलं. तो हात हलवत परत आला. "काका म्हणतात, ज्यांना हवी त्यांनी अर्ज करावा. स्वतःच्या हाताने. दोन प्रतींत."

बाईंनी दात-ओठ खाऊन अर्ज लिहिला. 'प्रति, तळघर विभाग' एवढंच, नाव नाही. अर्ध्या तासात चादर आली. कोरी, कडक इस्त्रीची. बाईंनी उजेडात धरून डाग शोधला, उलटी करून शोधला. एकही सापडला नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी परवानगी दिली, पण केबिनमध्ये बोलावून. "करा नाटक, हसवा लोकांना. फक्त प्रशासनावर येऊ देऊ नका. दोन नंबरबद्दल मी वर तीनदा कळवलंय की कर्मचारी उपलब्ध नाही. तेच उत्तर राहू द्या." मग टेबलावरच्या एका कागदावर बोट ठेवून हसले. "तुमची मुदतवाढ. प्रमाणपत्र आणा, सही करतो." बाईंनी मान डोलावली. पाचवा 'का' आता नुसता रिकामा नव्हता, त्याच्यावर साहेबांचं बोट होतं.

नाटकाचा दिवस उजाडला. शनिवारी सकाळी अकरा वाजता, दवाखान्याच्या मोठ्या दालनात. मॅडम वही घेऊन बसल्या. साहेब हाताची घडी घालून उभे. बाईंचा नवरा पहिल्या बाकावर. खऱ्या खिडकीवर बाईंनी स्वतः पाटी लावली: 'पंधरा मिनिटे खिडकी बंद.' चादर बाजूला झाली, पुठ्ठ्याच्या खिडकीमागे ताई दिसली, आणि इथेच सगळं गाडं घसरलं.

खरी खिडकी बंद आणि पाच पावलांवर दुसरी उघडी! रांगेतली माणसं नाटक बघायला थोडीच आली होती? चाळीसच्या चाळीस माणसं कागद सावरत उठली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुठ्ठ्यासमोर रांग लावून मोकळी. नाटकातल्या रोगी म्हणून बाई पुढे झाल्या तर मागून ओरडा झाला, "ओ बाई! मधे कुठे घुसता? मागे जा मागे!"

"अहो, मी नाटकातली…"

"आम्ही पण सकाळपासून नाटकच करतोय. मागे जा!"

बाई गेल्या मागे. एक्केचाळिसाव्या.

मॅडम हात वर करून समजावत होत्या की ही खरी खिडकी नाही, हे नाटक आहे. एक आजी म्हणाल्या, "चालू द्या ना नाटक, आमचं काही म्हणणं नाही. नंबर तेवढे घ्या." ताई बिचारी काय करणार? समोर तोंड आलं की तिने मॅडमची वही ओढली आणि नाव, वय, काय होतंय ते लिहायला सुरुवात केली. "या आजी. गुडघा का? बसा तिकडे. पुढचे या." रांग सरसर पुढे सरकायला लागली. खऱ्या खिडकीला ती अशी कधी सरकलेली बाईंनी पाहिली नव्हती.

शेवटी ड्रायव्हरला नाटकाची आठवण झाली. त्याने पुठ्ठ्याचं घड्याळ वर धरलं, एक वाजलेलं. ताईने सवयीने मान तिरकी केली आणि ठणकावलं, "एक वाजला. उद्या या!"

"कुठे एक वाजला?" दालन खवळलं. "सव्वाअकरा झालेत! लूट आहे का?"

आणि त्या गोंगाटात एक कातर पण खणखणीत आवाज आला, "थांबा!"

ते 'रोजचे आजोबा' होते. रक्तदाब मोजायला रोज यायचे, म्हणून रोजचे. मॅडमनी सुरुवातीला नियम सांगितला तो अख्ख्या दालनात या एकट्यांनी ऐकला होता. ते काठी टेकत पुढे आले. "मला करून दाखवता येणार नाही. मी प्रश्न विचारतो. ती तिकडची दोन नंबरची खिडकी बंद का?"

"कर्मचारी उपलब्ध नाही," साहेब तत्परतेने म्हणाले.

"का उपलब्ध नाही?"

"होते ते तळघरात गेले," ताई म्हणाली.

"तळघरात का गेले?"

मॅडमची मान वर झाली. नवऱ्याने हळूच मागे वळून बघितलं. आतून पंख्याचा आवाज येत होता, कपाटाला वारा घालणाऱ्या पंख्याचा.

बाईंसमोर दोन वाक्यं होती. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर साहेबांनी सही केली असती. पण मग मॅडमच्या हाताला काय लागलं असतं? पुठ्ठा? आणि खरं म्हटलं तर साहेबांनी तीनदा वर कळवलेलं खोटं पडत होतं, आणि कागद साहेबांच्याच टेबलावर होता. दोन्हीकडून खुर्ची जात होती. बाई रांगेच्या अगदी शेवटी उभ्या होत्या, पायाला रग लागली होती, पुढे नुसत्या पाठी दिसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रांगेची पाठ दिसत होती.

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या.

चाळीस माना वळल्या.

"माझ्यामुळे बंद आहे. पंख्यावरून भांडण झालं. मी तक्रार लिहिली. नंतर माणूस मिळत होता तर मीच तीनदा नको म्हणून लिहून दिलं. मला दुसरं कुणी शेजारी नको होतं. अकरा वर्षं तुम्ही उभे आहात ते माझ्या एकटीमुळे. लाज वाटते मला."

साहेबांचा चेहरा दुधात माशी पडल्यासारखा झाला. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "थांबा!"

हातात चादरींचं हे एवढं गाठोडं घेऊन चादरकाका उभे होते. आपली कोरी चादर नीट परत येते की नाही ते बघायला आले होते म्हणे. ते खाली बघतच पुढे आले, गाठोडं आजोबांच्या हातात दिलं आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्यात, किल्ल्यांच्या मधोमध, पंख्याचं काळं बटण लटकत होतं.

"एकटीमुळे नाही," ते म्हणाले. "हे मी काढलं होतं. दुसऱ्या दिवशी परत लावणार होतो. तर बदलीचं पत्र आलं. मग मी म्हटलं, राहा आता घामाने भिजत."

"अकरा वर्षं?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही मागितलं असतं तर दिलं असतं."

"तुम्ही दिलं असतं तर मी मागितलं नसतं का?"

"आणि असभ्य भाषा कसली हो लिहिलीत? मी 'गाढवा' पंख्याला म्हणालो होतो!"

"मग पंख्याकडे बघून म्हणायचं ना!"

आधी ताई हसली, मग आजी, मग अख्खं दालन. बाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. मॅडमनी पुढे होऊन ते बटण हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "हाताला लागतंय," म्हणाल्या. "पण परीक्षेला हे पुरणार नाही. खिडकी उघडा."

खिडकी कसली उघडते! अकरा वर्षांचा गंज. काकांनी ओढली, ड्रायव्हरने ओढली, साहेबांना लोकलाजेस्तव हात लावावा लागला. फळी हलेना. तेव्हा पहिल्या बाकावरून बाईंचा नवरा उठला. शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू उघडून ती खरोखर उघडली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. तो बाईंकडे असा बघत होता की बाईंनी घरच्या टोस्टरबद्दल त्याला मनातल्या मनात माफ केलं. मॅडमनी उघड्या फळीवर तळवा टेकवला आणि वहीत, ताईने लिहिलेल्या गुडघ्याच्या आणि खोकल्याच्या यादीखाली, 'उत्तीर्ण' असं लिहिलं.

साहेबांनी मुदतवाढीचा कागद पंधरा दिवस दाबून ठेवला. मग सही केली, पण दोन वर्षांचं एक केलं. बाईंनी वाद घातला नाही. "अकराला एक," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "स्वस्तात सुटले."

चादरकाका वर आले तो सोमवार. बाई स्वतः स्टुलावर चढल्या, बटण बसवलं, दाबलं. पंख्याची मान कुरकुरली आणि हळूहळू फिरली. आधी त्यांच्याकडे, मग कपाटाकडे, मग काकांकडे. दोघांनीही वर बघितलं नाही, आपापले कागद सारखे केले.

आठ वाजता दोन्ही फळ्या वर गेल्या. दार उघडलं, लोक आत आले, क्षणभर थबकले, आणि एकूण एक माणूस दोन नंबरसमोर जाऊन उभं राहिलं. तिकडून ऐकू येत होतं, "या, बसा, काय होतंय?" बाईंसमोर रिकामी फरशी. पेन तयार, शिक्का तयार. सत्तावीस वर्षांत ती खिडकी अशी ओकीबोकी कधी नव्हती. त्या रांगेच्या शेवटी, पार दाराजवळ, रोजचे आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

बाईंनी चष्मा काढला. खुर्ची मागे सारली, वाकल्या, आणि त्या खालच्या भोकातून आपलं तोंड बाहेर काढलं.

"आजोबा," त्यांनी हाक मारली, "इकडे या ना. इकडे रिकामं आहे."

आजोबांनी मागे वळून बघितलं, की ही नेमकी कुणाशी बोलते आहे.